मानवशास्त्रज्ञ कोण होते, त्यांनी काय केलं आणि गोव्यात बसून त्यांना कसं वाचावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मराठीतून वाचणारे विद्यार्थी, शिक्षक, देवस्थानांचे महाजन, शिगमो-जागराचे कार्यकर्ते आणि स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी मुलं मानवशास्त्राबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

मानवशास्त्र आणि समाजशास्त्र यांत फरक काय?

विषय बराचसा एकच, रीत वेगळी. समाजशास्त्र शहर, कारखाना, मतदार, आकडेवारी यांतून वाढलं. मानवशास्त्रज्ञ एखाद्या गावात किंवा वाड्यावर जाऊन राहतो, तिथली बोली शिकतो आणि लग्न, शेती, देवकार्य, भांडणं या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध कसा लागतो ते पाहतो. शिवाय माणसाच्या शरीराचा, उत्क्रांतीचा आणि भाषेचा अभ्यासही याच घरातला. भारतात या दोन शाखांमधली भिंत पहिल्यापासून पातळ आहे. घुर्ये, श्रीनिवास, इरावतीबाई कर्वे यांची नावं दोन्हीकडच्या पाठ्यपुस्तकांत दिसतात ती त्यामुळेच.

सुरुवात कोणी केली?

परीक्षेसाठी दोन नावं पुरतात. इंग्लंडच्या एडवर्ड टायलरने १८७१ साली संस्कृतीची व्याख्या दिली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी असं जे जे माणूस समाजात राहून शिकतो, ते सगळं मिळून संस्कृती. अमेरिकेच्या लुईस हेन्री मॉर्गनने नातेव्यवस्थेचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. दोघांचीही एक समजूत मात्र पुढे फार महागात पडली. सगळे समाज एकाच शिडीवर चढतात, कोणी खालच्या पायरीवर तर कोणी वरच्या, आणि सर्वांत वर युरोप, असं ते धरून चालले. मॉर्गनने १८७७ साली या पायऱ्यांना रानटी, अर्धरानटी आणि सुसंस्कृत अशी नावंही दिली. ही शिडी आपल्या सरकारी कागदांत अजून शिल्लक आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

फ्रांझ बोआस यांना इतकं मोठं का मानतात?

कारण त्यांनी ती शिडी मोडली. बोआस (१८५८–१९४२) मूळचे जर्मन, शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. १८८३ साली ते कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन बेटावर इन्युइट लोकांत राहिले आणि तिथून परतले ते माणसांच्या अभ्यासाकडे वळूनच. त्या काळी डोक्याच्या आकारावरून वंश आणि वंशावरून बुद्धी ठरवायची चाल होती. बोआसनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या हजारो स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवण आईबापांपेक्षा वेगळी निघाली. जे कायमचं, वंशागत म्हणून मिरवलं जात होतं, ते एका पिढीत बदलताना दिसलं. मोजपट्टीने उभं केलेलं खोटं त्यांनी मोजपट्टीनेच पाडलं. प्रत्येक संस्कृती तिच्या स्वतःच्या इतिहासातून समजून घ्यायची, दुसऱ्याच्या फूटपट्टीने नाही, हा त्यांचा आग्रह आज सांस्कृतिक सापेक्षतावाद म्हणून ओळखला जातो. रूथ बेनेडिक्ट, मार्गारेट मीड, एडवर्ड सपीर, झोरा नील हर्स्टन ही सगळी त्यांची शिष्यमंडळी.

मालिनोव्स्कीने नवीन काय केलं? त्याच्याआधी कोणी गावात जात नव्हतं का?

जात होते, पण बहुतेक जण दुभाष्याकरवी चार प्रश्न विचारून परत येत. ब्रॉनिस्लॉव्ह मालिनोव्स्की (१८८४–१९४२) पोलंडचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर, दोन मुक्काम मिळून, दीर्घकाळ राहिला. गावाच्या मधोमध तंबू ठोकला, तिथली भाषा शिकला आणि रोजच्या साध्या घडामोडी टिपत राहिला. १९२२ साली आलेल्या त्याच्या ग्रंथात ‘कुला’ नावाच्या देवघेवीचं वर्णन आहे. लाल शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांमधून एका दिशेने फिरतात, पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेने. कुठलीही वस्तू कायमची कुणाच्या घरात राहत नाही. बाहेरच्याला हा निरर्थक खेळ वाटेल, पण त्या फेऱ्यांतून मैत्री, मान आणि समुद्रापलीकडचे भरवशाचे संबंध टिकतात, हे त्याने दाखवलं.

त्याच्या मृत्यूनंतर १९६७ साली त्याची खासगी डायरी छापली गेली. ज्यांच्याबद्दल त्याने इतक्या समजुतीने लिहिलं, त्यांच्याविषयीचा राग, कंटाळा आणि तुच्छताही तिच्यात आहे. वाचून अनेकांना धक्का बसला. माझ्या मते प्रत्येक विद्यार्थ्याने हे प्रकरण माहीत करून घ्यावं. पद्धत उत्तम असली म्हणून अभ्यासकाचं मन आपोआप स्वच्छ होत नाही.

मार्सेल मॉसचा भेटवस्तूंचा सिद्धांत सोप्या शब्दांत सांगाल का?

पहिल्या चवथीचं वजें डोळ्यांसमोर आणा. मुलीच्या माहेराहून पाटल्या (टोपल्या) भरून येतात, नेवऱ्या, लाडू, फळं, भाजीपाला. सासरची माणसं ते वाड्यावर वाटतात, कुणाकडे किती पोचलं याची आठवण ठेवतात, आणि पाटली रिकामी परत पाठवत नाहीत. ख्रिस्ती लग्नांतही बोल आणि दोस घेऊन वजें जातंच. ही भेट ऐच्छिक म्हणवते, पण न पाठवून चालत नाही, नाकारून चालत नाही आणि परतफेड टाळूनही चालत नाही. फ्रान्सच्या मॉसने १९२५ साली जगभरचे दाखले गोळा करून हेच मांडलं: देणं, घेणं आणि परत देणं ही तिन्ही बंधनं आहेत आणि त्यांच्यावरच नाती उभी राहतात. मॉस स्वतः क्षेत्रकार्याला फारसा गेला नाही. मालिनोव्स्कीचा कुला आणि बोआसनी नोंदवलेल्या अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मेजवान्या, या दुसऱ्यांच्या नोंदींवर त्याने ही इमारत रचली.

मार्गारेट मीड खोटी ठरली असं वाचलं. खरं आहे का?

अर्धवट. १९२५ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी ती सामोआला गेली. किशोरवय सगळीकडेच वादळी असतं असं नाही, संस्कृतीप्रमाणे ते बदलतं, असं तिने १९२८ च्या पुस्तकात मांडलं. ती वारल्यावर १९८३ साली डेरेक फ्रीमनने तिला मुलींनी फसवलं असा आरोप केला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. नंतरच्या अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तेव्हा फ्रीमनचा हल्लाच अतिरंजित निघाला. मीडने काही ठिकाणी घाईने निष्कर्ष काढले हे खरं, पण तिचा मूळ प्रश्न आजही खणखणीत आहे.

लेव्ही-स्ट्रॉस आणि क्लिफर्ड गीर्ट्झ यांपैकी आधी कोणाला वाचावं?

गीर्ट्झला. फ्रान्सचा लेव्ही-स्ट्रॉस (१९०८–२००९) अवघड आहे. मिथकं आणि नाती यांच्या मुळाशी मानवी मनाची समान रचना असते, कच्चं-शिजवलेलं, निसर्ग-संस्कृती अशा जोड्यांनी ते मन विचार करतं, एवढं लक्षात ठेवून पुढे गेलात तरी चालेल.

गीर्ट्झ (१९२६–२००६) मात्र गोव्याच्या वाचकाला लगेच जवळचा वाटेल. १९५८ साली तो आणि त्याची पत्नी हिल्ड्रेड बालीतल्या एका गावात राहायला गेले. गावकरी त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत. मग एक दिवस बेकायदा कोंबड्यांच्या झुंजीवर पोलिसांची धाड पडली. दोघेही बाकीच्यांबरोबर पळाले आणि एका अंगणात शिरून चहा प्यायचं नाटक करत बसले. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव त्यांच्याशी बोलू लागलं. त्या झुंजीवरचा त्याचा लेख प्रसिद्ध आहे: पैजा पैशांच्या दिसतात, पण पणाला लागते ती घराण्यांची आणि गटांची इभ्रत. आपल्याकडची धिरयो (बैल-रेड्यांची झुंज) ज्यांनी पाहिली आहे, न्यायालयाने बंदी घातल्यावरही तिच्यावरून गावात आणि विधानसभेत जो आवेश दिसतो तो ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा लेख वाचावाच. रेड्याच्या नावामागे मालकाचं नाव, मालकामागे वाडा आणि वाड्यामागे गाव कसं उभं राहतं, ते त्यातून उलगडतं. जनावरांच्या यातनांचा प्रश्न त्याने मिटत नाही, पण माणसं इतकी का पेटतात ते कळतं.

घुर्ये मालवणचे हे खरं का?

हो. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३ साली मालवणात झाला, म्हणजे तेरेखोल ओलांडलं की आपल्या शेजारीच. केंब्रिजला ते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे शिकले. निलगिरीतल्या तोडांवर १९०६ साली ग्रंथ लिहिणारे ते हेच रिव्हर्स. १९२४ पासून घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि देशातले पुढचे कितीतरी अभ्यासक त्यांनी तिथे घडवले. जातिव्यवस्थेवरचा त्यांचा १९३२ सालचा ग्रंथ आजही अभ्यासक्रमांत असतो. ग्रंथालयात बसून ग्रंथ, शिलालेख, जनगणना यांतून समाज वाचण्याकडे त्यांचा कल होता. गावात जाऊन राहण्याची जोड त्यांच्या विद्यार्थ्यांनी दिली.

इरावती कर्वे लेखिका म्हणून माहीत आहेत. मानवशास्त्रात त्यांचं काम काय?

मराठी वाचकाने मानवशास्त्राची सुरुवात बाईंपासून करावी. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्म, इरावती नदीवरून नाव, घुर्यांच्या हाताखाली एम. ए., आणि नंतर बर्लिनला ऑयगेन फिशरकडे पीएच. डी. हा फिशर पुढे नाझींच्या वंशवादाचा शास्त्रीय आधार बनला. डोक्याच्या कवटीतली डावी-उजवी असमानता वंशागणिक वेगळी असते का, हे कवट्या मोजून तपासायचं काम त्याने या तरुण मराठी मुलीला दिलं. तिने मोजमापं घेतली आणि वंशाचा काही संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. गुरूला हवं होतं त्याच्या विरुद्ध, परक्या देशात, त्याच्याच संस्थेत. भारतीय मानवशास्त्राच्या इतिहासात याहून धीराचा प्रसंग मला माहीत नाही. (मोजपट्टी त्यांनी पुढेही सोडली नाही. महाराष्ट्रातल्या जातींची शारीरिक मोजमापं त्या नंतरही घेत राहिल्या. आज ती पद्धत मागे पडली आहे, हेही सांगायला हवं.)

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. १९५३ साली आलेला भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ हे त्यांचं सर्वांत मोठं शास्त्रीय काम. भाषा आणि नाती एकत्र घेऊन त्यांनी देशाचे चार विभाग पाडले. उत्तरेत मुलगी अनोळखी गावात, नात्याबाहेर द्यायची. दक्षिणेत मामा, मामेभाऊ, आतेभाऊ यांच्याशी सोयरीक. मधल्या पट्ट्यात, म्हणजे आपल्याकडे, दोन्हींची सरमिसळ, मामाची मुलगी चालते पण बाकीचं नाही. मुलीचं लग्नानंतरचं जगणं या एका नियमाने किती बदलतं, हे त्यांनी दाखवलं. ओळखीच्या घरात जाणारी सून आणि परक्या गावात घूंघट घेऊन उतरणारी सून यांची आयुष्यं सारखी नसतात.

पंढरीच्या वारीवरचा त्यांचा ‘वाटचाल’ हा लेखही वाचा. दिंडीत सगळे एकत्र चालतात, एकत्र गातात आणि जेवायला मात्र जातवार बसतात, हे त्यांनी जवळून पाहिलं आणि त्याचं दुःख लपवलं नाही. लेखाचं इंग्रजी रूप १९६२ साली प्रसिद्ध झालं. पुढे तीर्थयात्रांमध्ये माणसामाणसांतले भेद विरघळतात असा सिद्धांत मांडणाऱ्या व्हिक्टर टर्नरने पंढरपूरबद्दल लिहिताना याच लेखाचा आधार घेतला. भेद किती विरघळतात आणि किती शाबूत राहतात, हा प्रश्न साखळीहून पायी पंढरपूरला निघणाऱ्या दिंडीलाही लागू आहेच.

श्रीनिवास यांचं ‘संस्कृतीकरण’ गोव्याच्या उदाहरणाने कसं समजावं?

एम. एन. श्रीनिवास (१९१६–१९९९) यांनी कूर्गवरच्या १९५२ च्या ग्रंथात ही कल्पना मांडली. खालची मानली गेलेली जात वरच्या जातीचे विधी, आहार, देव स्वीकारते आणि पिढी-दोन पिढ्यांत वरच्या स्थानावर हक्क सांगते. गोव्यात सातेरीच्या देवळांकडे बघा. मूळ देवी वारुळाच्या, म्हणजे रोयणीच्या, रूपात. कित्येक ठिकाणी तीच आज शांतादुर्गा म्हणून पुजली जाते, समोर घडवलेली मूर्ती असते आणि वारूळ गाभाऱ्यात तसंच राहतं. बदल होतो, पण आधीचं पुसलं जात नाही.

श्रीनिवास यांची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला ते काम करत होते त्या केंद्राला आग लावण्यात आली आणि म्हैसूरजवळच्या गावात टिपलेल्या नोंदींवर त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं काम जळून गेलं. मग त्यांनी ते गाव आठवणीतून लिहिलं. १९७६ साली आलेला तो ग्रंथ त्यांच्या सर्व लेखनात सर्वांत जिवंत आहे.

दामोदर कोसंबी मानवशास्त्रज्ञ होते का?

पदवीने नव्हे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी व्यवसायाने गणिती. जनुकशास्त्रात आजही त्यांच्या नावाचं सूत्र वापरतात. पण इतिहास लिहिताना त्यांनी जे केलं ते मानवशास्त्रज्ञाचंच काम होतं. पुण्याभोवतालच्या टेकड्या पायी तुडवायच्या, चव्हाट्यावरच्या शेंदूर माखलेल्या देवता बघायच्या, जुन्या दगडी हत्यारांच्या जागा आणि या देवतांच्या जागा एकत्र का येतात ते विचारायचं, धनगरांच्या वाटा धुंडाळायच्या. प्राचीन समाज केवळ पोथ्यांत नसतो, आजच्या चालीरीतींतही त्याचे थर सापडतात, ही त्यांची भूमिका. त्यांच्या १९६२ च्या निबंधसंग्रहात गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) गावकरीवर, म्हणजे गावकरांच्या सामायिक गावव्यवस्थेवर, एक स्वतंत्र प्रकरण आहे. गावकरीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ते वाचलेलं असावं. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोराल नावाच्या सनदेत गावकरांचे हक्क-रिवाज नोंदवले, त्याच्या कितीतरी आधीपासून ही व्यवस्था उभी होती. जमीन सामायिक, बांध सामायिक, देऊळही सामायिक. पण गावात राहणारा प्रत्येक जण गावकर नव्हता, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत.

गोव्यावर प्रत्यक्ष काम कोणी केलं आहे?

वाटतं त्याहून बरंच. पोर्तुगीज काळात वैद्यकीय शाळेच्या परिघात डोकी-नाकं मोजणारं मानवशास्त्र होतं. जेर्मानो कोर्रेया हे त्यातलं ठळक नाव. इंग्रज हद्दीत जनगणना अधिकारी रिस्लेने नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली, त्याच प्रकारचा तो उद्योग. आज तो इतिहास म्हणूनच वाचावा.

मुक्तीनंतरचं काम वेगळ्या वळणाचं आहे. रॉबर्ट न्यूमन या अमेरिकन अभ्यासकाने कुंकळ्ळीच्या छत्रोत्सवावर, शांतादुर्गेवर, शिरगावच्या लईराई आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या बहिणीच्या नात्यावर लिहिलं. छत्रोत्सवात कुंकळ्ळीकरीण देवी फातर्प्याहून आपल्या मूळ गावी येते. बारा वांगडांच्या (गावकर कुळांच्या) बारा छत्र्या, गुलालाने लाल झालेला रस्ता, आणि मानकऱ्यांत ख्रिस्ती गावकरही. गोवा म्हणजे पूर्वेतलं पोर्तुगाल, ही पर्यटनाच्या जाहिरातींतली प्रतिमा न्यूमन यांनी अशा तपशिलांनी खोडून काढली. अलेक्झांडर हेन यांनी शिवोलीच्या जागरावर काम केलं आणि २०१४ साली हिंदू-ख्रिस्ती संबंधांवर ग्रंथ लिहिला. पॉल ॲक्सेलरॉड आणि मिशेल फ्यूर्क यांचा १९९६ चा लेख देवांच्या स्थलांतरावर आहे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्णेची म्हाळसा म्हार्दोळला. आपण ही गोष्ट भक्तीने सांगतो. ते दोघे तिच्याकडे गावकरांनी केलेला प्रतिकार म्हणून बघतात, आणि मला ते पटतं. देव हलवला म्हणजे गावाचं नातं, मान आणि स्मृती हातची जाऊ दिली नाही.

रोवेना रॉबिन्सन यांनी दक्षिण गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात जात आणि गावकरांचे मान चर्चच्या फेस्तांत कसे टिकले ते १९९८ च्या ग्रंथात दाखवलं. ओलिव्हिन्यु गोमिश यांनी १९८७ साली गोव्याच्या गावावर ग्रंथ लिहिला. पोर्तुगालच्या रोझा मारिया पेरेझ यांचंही गोव्यावर पुस्तक आहे. आणि मराठीत विनायक खेडेकर यांचं ‘लोकसरिता’ आहेच. नमन, रोमट, मांड (गावच्या लोकविधींची जागा), धालो यांची इतकी भरघोस नोंद दुसरीकडे मिळणं कठीण.

हे सगळं आज कुणाच्या उपयोगाचं?

अनुसूचित जमातींच्या यादीचं उदाहरण घ्या. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना गोव्यात हा दर्जा २००३ साली मिळाला. धनगर-गवळी समाजाची मागणी अजून चालू आहे. यादीत नाव घालताना १९६५ च्या लोकूर समितीचे निकष लावतात: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतरांशी मिसळण्याचा संकोच आणि मागासलेपण. पहिला निकष पुन्हा वाचा. बोआसनी शंभर वर्षांपूर्वी मोडलेली शिडी हीच. आपल्या मुलाबाळांना शिष्यवृत्ती मिळावी म्हणून एखाद्या समाजाला स्वतःला ‘आदिम’ आणि ‘लाजाळू’ सिद्ध करावं लागतं, हे अपमानास्पद आहे आणि ते बदललंच पाहिजे.

या प्रश्नावर जुना वादही आहे. व्हेरियर एल्विन (१९०२–१९६४) मध्य भारतातल्या बैगा, मुरिया लोकांत राहिले. बाहेरच्या सावकार-ठेकेदारांपासून आदिवासींना जपा, असं ते म्हणत. घुर्यांनी १९४३ साली उलट मांडलं की हे मागासलेले हिंदूच आहेत, त्यांना मुख्य समाजात येऊ द्या. गोव्याचा गावडा समाज या दोन्ही चौकटींत बसत नाही. त्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत आणि १९२८ च्या शुद्धीत हिंदू धर्मात परतलेले नवहिंदूही आहेत. मी घुर्यांपेक्षा एल्विनच्या बाजूला झुकतो, पण एल्विनही निर्दोष नाहीत. त्यांची पहिली पत्नी कोसी गोंड समाजातली होती, लग्नावेळी अगदी लहान होती, आणि त्यांच्या आत्मचरित्रात तिला जवळजवळ जागाच नाही.

मराठीतून कुठून सुरुवात करू?

इरावतीबाईंचे ‘परिपूर्ती’ आणि ‘भोवरा’ हे लेखसंग्रह, मग ‘मराठी लोकांची संस्कृती’. त्यानंतर दुर्गाबाई भागवतांचं ‘लोकसाहित्याची रूपरेखा’. दुर्गाबाईही घुर्यांच्याच विद्यार्थिनी. पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा. १८३२ पासूनची ही संस्था आहे आणि गोव्यासंबंधीच्या संदर्भांसाठी तिच्यासारखी दुसरी जागा राज्यात नाही.

पदवी घ्यायची तर?

गोवा विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग आहे. मानवशास्त्राचे स्वतंत्र विभाग पुणे विद्यापीठात आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय घेता येतो.

माझ्या गावच्या शिगम्याची किंवा जत्रेची नोंद मला करायची आहे. पदवी नाही. चालेल?

चालेल. पदवीपेक्षा वेळ द्यावा लागतो. आधी बुदवंत, जल्मी, महाजन किंवा गावकर अशा गावच्या मानकऱ्यांना विचारा, काय टिपायचं आणि काय टिपायचं नाही हे त्यांनी सांगू दे. मांडावरच्या काही गोष्टी बाहेर न्यायच्या नसतात आणि नाही म्हटलं की कॅमेरा बंद करायचा. मग तपशील लिहा: नमन कोण घालतो, ढोल-तासे कुठल्या घरात ठेवतात, तळी कुठल्या घरापासून सुरू होते, मान कुणाचा आणि तो कुणी सोडला, बायका कुठे उभ्या असतात, कुठल्या वाड्यावर मेळ जात नाही. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, तरी विचारा. जात तिथेच दिसते. गीतं त्या बोलीतच उतरवा, शुद्ध करायला जाऊ नका. तारीख, जागा आणि सांगणाऱ्याची परवानगी प्रत्येक पानावर असू दे. नाव छापायचं की नाही हे त्यानेच ठरवायचं. नोंदींच्या दोन तरी प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा आणि पूर्ण झाल्यावर एक प्रत मांडावर द्या. पुढच्या वर्षी चूक दाखवायला तेच लोक येतील, ती दुरुस्ती तारखेसह त्याच वहीत लिहा.